दारापुढचा बाल्कांव बंद करू नका : गोव्यातल्या जुन्या घराचा दर्शनी भाग दुरुस्त करताना या चुका टाळा

चतुर्थीला पाहुणे येणार म्हणून भर पावसात घराला घाईघाईने रंग दिला जातो आणि दिवाळी यायच्या आत जोत्यालगत हातभर उंचीपर्यंत त्याचे पापुद्रे सुटतात. दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो, त्याच्याखालच्या गिलाव्याचा असतो.

चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंट

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. चिरा म्हणजे जांभा दगड; तो सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल वर ओढतो. जुना चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडत असे. त्या जागी सिमेंट आणि वर प्लास्टिक पेंट आला की ओलीची वाट बंद होते. ती भिंतीच्या आतून आणखी वर चढते, सोबत क्षार आणते, आणि भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरतो. त्यावर पुन्हा सिमेंट थापलं की पुढच्या वर्षी लोणा वीतभर वर दिसतो.

आधी अंगण बघा. भिंतीला चिकटून काँक्रीट किंवा पेव्हर घातले असतील तर पागोळ्यांचं पाणी त्यावर आपटून भिंतीवरच उडतं. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे हे उडणारं पाणी थोडंथोडकं नव्हे. जोत्यालगत फूट-दीड फुटाची पट्टी उकरून खडी भरा आणि अंगणाचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला ठेवा. मग फुगलेलं सिमेंट खरवडून चिरे उघडे करा, उन्हाळाभर वाळू द्या आणि पाऊस सरल्यावर, थंडीच्या दिवसांत चुन्याचा गिलावा करा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे सुरुवातीचे दिवस भिंत दमट ठेवावी लागते. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला वेळ लागला तरी थांबा.

बाल्कांवाला काचा आणि ग्रिल

बाल्कांव म्हणजे दारापुढचा छपराखालचा मोकळा ओटा, आणि त्यावर समोरासमोर बांधलेले बसायचे कट्टे म्हणजे सोपे. तो बंद करायची चूक आम्हीही केली. पावसाची झड सोप्यांपर्यंत येते म्हणून बाल्कांव अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद करून घेतला. आत कुबट वास येऊ लागला, पुढच्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागे. त्याहून मनाला लागलं ते वेगळंच. संध्याकाळी आई सोप्यावर बसायची, येणारे-जाणारे दोन शब्द बोलून पुढे जायचे, ते थांबलं. एकदा आईने शेजारच्या काकींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बंद दिसलं गो, म्हटलं निजली असशील."

दोन वर्षांनी खिडक्या काढल्या. आता मे अखेरीला माडाच्या विणलेल्या झावळ्या बांधतो आणि पाऊस ओसरला की उतरवतो. बांबूच्या चिकाही चालतात. चोरांची काळजी असेल तर ग्रिल आतल्या दाराला लावा, बाल्कांव मोकळा राहू द्या. समोरासमोरचे सोपे हेच आपल्याकडचं स्वागत आहे. तिथे कुंड्या मांडून बसायची जागा अडवू नका.

पायऱ्यांवर गुळगुळीत टाइल्स

चकचकीत टाइलवर पावसाचं पाणी आणि त्यावर ओली चप्पल, म्हणजे वडीलधाऱ्यांचं हाड मोडायला निमित्तच. पायऱ्यांना चिरा किंवा खरबरीत दगडच हवा. लाल ऑक्साइडची घोटलेली जमीन सुंदर दिसते, पण ती छपराखाली. उंच पायऱ्या नव्याने बांधत असाल तर उंची सुमारे सहा इंच, पाऊल ठेवायला बारा इंच आणि एका बाजूला कठडा ठेवा.

जुलैत दाराला रंधा

पावसात लाकूड फुगतं, दार चौकटीला अडतं. लगेच सुताराला बोलावून दार तासलंत, तर एप्रिलमध्ये बोटभर फट पडते. उघडझाप होत असेल तर कळ सोसा. लाकूड कोरडं झालं की दाराची वरची आणि खालची कड बघा. तिथे बहुधा कधीच हात फिरलेला नसतो आणि पाणी तिथूनच शिरतं. त्या कडांना जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या. जुन्या सागवानी दारावर ऑइल पेंट तर फासूच नका. चौकटीच्या पायाशी वाळवीची मातीची रेघ दिसली तर बाकी सगळं थांबवून आधी तिचा बंदोबस्त करा.

दिव्याचं थोडक्यात : पांढऱ्या ट्यूबपेक्षा २,७०० केल्विनचा पिवळसर एलईडी लावा. पावसाळी किडे त्यावर कमी येतात आणि चुन्याची भिंत त्या उजेडात ऊबदार दिसते. एक दिवा पायऱ्यांवर उजेड पडेल असा हवाच.

गाडीसाठी वृंदावन हलवणं

दारासमोरची तुळस बाजूला सारून पार्किंग केलेली अंगणं आता गावोगाव दिसतात. गाडी कुंपणालगत मांडव घालूनही उभी करता येते. तुळस मात्र उंबरठ्यावरून दिसायला हवी. कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं तेव्हा ऊस आणि दिंड्याच्या झुडपाची काठी रोवून माणसं तिच्याभोवती उभी राहतात; तेवढं मोकळं अंगण तिच्या चारही बाजूंना सोडा.