चौसष्टाव्या वर्षी २०० किलोमीटर : चूक पायांची नव्हती

दोन वर्षांपूर्वीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल सफर. पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने जाऊन परत, २०० किलोमीटर, मुदत साडेतेरा तास. परतताना शिरवळला मांड्यांत असे गोळे आले की सायकलवरून उतरताही येईना. सगळे म्हणाले, वय झालं. मलाही तसंच वाटलं.

घरी आल्यावर दिवसभरात काय खाल्लं ते वहीत लिहून काढलं. सकाळी पोहे, वाटेत दोन केळी आणि भरपूर साधं पाणी. बस्स! त्यावर दीडशे किलोमीटर कसे ओढणार?

आता पहिल्या अर्ध्या तासापासूनच खातो, भुकेची वाट पाहत नाही. तासाला एक केळं आणि तीन-चार खजूर, म्हणजे साधारण ४५ ग्रॅम कर्बोदकं. कंटाळा आला की राजगिऱ्याचा लाडू. उतारवयात तहान उशिरा कळते, म्हणून घोट घोट पाणी घड्याळ बघून. लिटरभर पाण्यात ओआरएसची एक पुडी. रक्तदाबाची गोळी चालू असल्याने हे आधी डॉक्टरांना विचारलं. तुम्हीही विचाराच.

खरा फरक मात्र घरच्या ताटाने पडला. मी शाकाहारी, वाटीभर पातळ वरणावर समाधान मानणारा. वजन ६२ किलो, तर दिवसाला ७५ ग्रॅम प्रथिनं हवीत असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. आता नाश्त्याला मुगाचं धिरडं, जेवणात उसळ आणि दही, रात्री पनीर किंवा सोयाबीन. बी-१२ कमी निघालं, त्याच्या गोळ्या घेतल्या.

यंदा शिरवळला थांबलो, दहीभात खाल्ला आणि पुन्हा सायकलवर बसलो.