कमी खर्चात स्की टूरिंग: हात कुठे आखडायचा, कुठे नाही

स्की टूरिंगमध्ये लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला 'स्किन' (मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या) चिकटवून चढायचं, माथ्यावर त्या सोलून उतरायचं. आधी साधं स्कीइंग पक्कं हवं. त्यासाठी गुलमर्गच्या सरकारी स्कीइंग संस्थेचा वर्ग चांगला.

पैसे आधी बुटांवर घाला. जुने घेताना आतलं अस्तर काढा, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक-दीड बोट जागा हवी. जास्त असेल तर चढताना टाच उचलली जाते आणि तासाभरात फोड येतात. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा भाग. पिन बाइंडिंग (पिनांनी बूट धरणारं) लावणार असाल तर बुटाच्या टोकाला आणि टाचेला धातूच्या खाचा आहेत ना, ते बघा. फ्रेम बाइंडिंग (यात बुटाखालची चौकटच टाचेबरोबर उचलली जाते) जड, पण स्वस्त. पहिल्या हंगामाला चालतं.

स्की जुन्या चालतील, मात्र बाइंडिंगपाशी भोकांची चाळण झालेली नको, स्क्रू उपटतो. स्किन कापताना दोन्ही पोलादी कडा दोन-तीन मिलिमीटर उघड्या ठेवा. कडा झाकल्या की कडक बर्फावर आडवं चालताना घसरलातच.

बीकन (हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र; 457 किलोहर्ट्झ, तीन अँटेनांचा), किमान 240 सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि धातूचं फावडं प्रत्येकाकडे स्वतंत्र हवं. भाड्याने घ्या, पण दोघांत एक नको: गाडल्या गेलेल्याचा बीकन संदेश पाठवतो, वरच्याचा शोधतो.

हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. सुरुवातीला 25 अंशांच्या आत राहा, आणि डोक्यावर तीव्र उतार नाही हेही तपासा.