एचडी वाहिन्या परत कशा आल्या: माझा अनुभव

आमचे घर दापोली तालुक्यात, हर्णैच्या किनाऱ्यालगत आहे. पावसाळा सरल्यावरही छपरावरच्या डिशमधून येणाऱ्या बऱ्याच एचडी वाहिन्यांवर सिग्नल नसल्याचा संदेश येत राहिला. साध्या वाहिन्या मात्र बहुतेक नीट दिसत होत्या. पॅक चालू होता, त्यामुळे दोष छपरावर शोधायचे ठरवले.

एचडी वाहिन्या सहसा डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रक्षेपणाच्या पद्धतीने, अधिक दाट माहिती भरून प्रक्षेपित होतात. त्यांना जास्त स्वच्छ सिग्नल लागतो आणि तो थोडा जरी खालावला, तरी पहिला फटका त्यांनाच बसतो. शिवाय सेटटॉप बॉक्स डिशकडून सिग्नल आणणाऱ्या केबलमधूनच एलएनबीला (डिशसमोर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या भागाला) 13 किंवा 18 व्होल्ट पुरवून उभे वा आडवे ध्रुवीकरण (सिग्नलच्या लहरींची दिशा) निवडतो; सांधा गंजून व्होल्टेज घसरले, तर 18 व्होल्टवरच्या वाहिन्या एकदम जातात.

एलएनबीचा कनेक्टर उघडला, तेव्हा तांब्याच्या तारेवर हिरवट थर आणि भोवतीच्या जाळीवर पांढरी भुकटी दिसली. खाऱ्या हवेचेच हे काम. बॉक्स बंद ठेवून चकाकती तार लागेपर्यंत केबल कापली, नवा एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा पेचाचा जोड) बसवला, त्यावर रबराची जलरोधक टेप ताणून गुंडाळली आणि केबलला सांध्याखाली छोटा झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच गळून पडते. टीव्हीवर दिसणारी सिग्नलच्या गुणवत्तेची पट्टी लगेच वर चढली आणि सर्व एचडी वाहिन्या परतल्या.

किनाऱ्यावरच्या मंडळींनी दर दिवाळीपूर्वी हा सांधा आवर्जून तपासावा. बॉक्स टीव्हीला एचडीएमआय केबलनेच जोडावा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या केबलमधून एचडी चित्र येतच नाही.