घरच्या बीअरचं लेबल: आधी बाटलीला घाम सुटू दे, मग डिझाइन करा

लेबलसाठी कॉम्प्युटर उघडण्याआधी एक करा. ज्या बाटलीवर ते लावायचंय ती फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवा आणि बघत बसा. आपल्या गोव्याच्या हवेत पाच मिनिटांत तिला घाम सुटतो, मग थेंब ओघळायला लागतात, आणि पावसाळा असेल तर बाटलीखाली तळं साचतं. तुमचं लेबल या पाण्यात राहणार आहे, त्यामुळे कागद कुठला, शाई कुठली, अक्षर केवढं, रंग किती, हे सगळं तिथूनच ठरवायचं.

मी हे पहिल्या भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, बीअरच्या बॅचला शिकलो. लेबलं घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढली होती, सात रंग, मागे समुद्र, वर माड. मित्राकडे जेवायला नेली, बाटल्या फ्रीजमधून बाहेर आल्या आणि अर्ध्या तासात माड समुद्रात विरघळला, शाई हाताला लागली, आणि कुठल्या बाटलीत कोकम आणि कुठल्या बाटलीत साधी बीअर हेसुद्धा कळेना. इतकी मेहनत केलेली, खूप वाईट वाटलं. तेव्हापासून एकच नियम, लेझर प्रिंट. लेझरचा टोनर म्हणजे बारीक प्लास्टिकची पूड असते, ती उष्णतेने कागदावर वितळून बसते म्हणून पाण्याने पसरत नाही. घरच्या बऱ्याच इंकजेटची शाई पाण्यात विरघळणारी असते. इंकजेटच वापरायचं असेल तर प्रिंट पूर्ण सुकल्यावर वरून पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ हात मारा, पण खरं सांगायचं तर झेरॉक्सवाल्याकडून लेझर काढून घेणं जास्त सोपं आणि स्वस्तही.

आता बाटली कुठे जाणार ते ठरवा. फ्रीजमधून थेट टेबलावर येणार असेल तर साधा कागद पुरतो. पण बर्फाच्या टबात किंवा आइसबॉक्समध्ये तास-दोन तास बुडून राहणार असेल तर कागद लगदा होतो, तिथे विनाइल किंवा प्लास्टिकचं स्टिकर शीटच हवं. मला स्वतःला कागदच आवडतो, कारण बाटल्या परत येतात, परत भरायच्या असतात, आणि विनाइल खरवडून काढता काढता जीव जातो.

माप घेताना नेटवरच्या टेम्प्लेटवर विसंबू नका. कागदाची पट्टी बाटलीभोवती गुंडाळा, जिथे टोक जुळेल तिथे पेनाने खूण करा आणि पट्टी सरळ करून मोजा. ६५० मिलीच्या बाटलीचा घेर साधारण २३० मिलीमीटरच्या आसपास येतो, ३३० मिलीची लांब मानेची बाटली त्याहून बारीक. समोरून बघणाऱ्याला या घेराचा जेमतेम एक तृतीयांश भाग दिसतो, म्हणून नाव मधल्या ६० मिलीमीटरमध्येच बसवा, नाहीतर अर्धं नाव वळणाआड जातं. उंची फक्त बाटलीच्या सरळ भागाची घ्या, खांद्याच्या उतारावर लेबल चढलं की तिथे चुणी पडणारच. अजून एक, बऱ्याच बीअरच्या बाटल्यांवर कंपनीचं नाव काचेतच उठावाने असतं, त्याच्यावर कागद नीट बसत नाही आणि दुसऱ्याचं नाव आपल्या बीअरवर दिसतं ते वेगळंच, तेव्हा भंगारवाल्याकडे बाटल्या निवडतानाच गुळगुळीत निवडून घ्या.

मी ९५ बाय ६५ मिलीमीटरचं आडवं लेबल करतो. ए-फोर कागदावर दोन रांगा, प्रत्येकीत चार, अशी बरोबर आठ बसतात आणि कडेला कापायला जागा उरते. वीस लिटरची बॅच घातली तर तळाचा गाळ वगळून १८ लिटर हाती येते, म्हणजे ६५० मिलीच्या २७ बाटल्या, मग चार शीट पुरतात आणि खराब होतील म्हणून पाच जास्तीची राहतात. फाइल ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) करा, या मापाला ती साधारण ११२२ बाय ७६८ पिक्सेल होते. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारी बाजूंनी ३ मिलीमीटर जास्त रंग सोडा, मात्र मग शीटवर आठ दाटीवाटीने बसणार नाहीत, सहाच घ्या. त्यापेक्षा कडेला पांढरं ठेवणं बरं, कात्री थोडी वाकडी गेली तरी दिसत नाही.

लेबलवर काय लिहायचं इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, नाव मोठ्ठं घालतात आणि बाकी काहीच नाही. दोन महिन्यांनी फ्रीजच्या तळाशी एक बाटली सापडते आणि ती कुठल्या बॅचची हे घरात कुणालाच सांगता येत नाही. नाव, बीअरचा प्रकार, बॅच नंबर, बाटलीत भरल्याची तारीख, अल्कोहोलचं प्रमाण आणि आत काय काय आहे, एवढं हवंच. बार्ली किंवा गहू आहे हे लिहा, ग्लूटेन न चालणारी माणसं आपल्या ओळखीतही असतात. मी कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, घालतो, बाजारच्या आगळात भरपूर मीठ असतं, म्हणून "मीठ आहे" हेही लिहितो, रक्तदाबवाल्या पाहुण्याला ते आधी कळायला पाहिजे. आणि बाटलीतच फसफसलेली बीअर असेल तर "तळाशी यीस्ट आहे, न हलवता सावकाश ओता" ही ओळ घाला, नाहीतर पाहुणा बाटली हलवतो आणि गढूळ ग्लास बघून बीअर बिघडली म्हणतो.

अल्कोहोलचा आकडा अंदाजाने छापू नका, ज्याला गाडी घेऊन घरी जायचंय त्याच्यासाठी तो महत्त्वाचा आहे. हायड्रोमीटर म्हणजे द्रवाची घनता मोजायचं साधन, त्याचं फसफसण्याआधीचं सुरुवातीचं रीडिंग वजा फसफसून झाल्यावरचं शेवटचं रीडिंग, गुणिले १३१.२५. म्हणजे १.०४८ वरून १.०१० वर आली असेल तर फरक ०.०३८, आणि उत्तर जवळजवळ ५ टक्के. पण बहुतेक हायड्रोमीटर २० अंश तापमानासाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे स्वयंपाकघरातलं द्रव ३० अंशांवर असतं, तिथे रीडिंग साधारण ०.००२ ते ०.००३ ने कमी दिसतं. तेवढं दोन्ही वेळेला मिळवा. सुरुवातीचं गरम आणि शेवटचं फ्रीजमधलं थंड असं मोजलंत तर आकडा चुकलाच. आगळ मधेच घातलं असेल तर त्याने द्रवाची घनता बदलते, तेव्हा ते घालायच्या आधी आणि नंतर अशी दोन रीडिंग घेऊन ठेवा.

चित्राचं बोलायचं तर गोवा म्हटलं की सगळे माड, होडी आणि सूर्यास्त काढतात, ६५ मिलीमीटरमध्ये ते तिन्ही चिखलासारखे दिसतात. माझं मन कावी कलेवर बसलंय. आपल्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर असते ती, पांढऱ्या चुन्यावर लाल कावेचा थर देऊन तो टोकदार हत्याराने खरवडतात आणि खालचा पांढरा चुना उघडा पडून नक्षी उमटते. दोनच रंग, जाड ठसठशीत रेषा, वेलबुट्टी, फुलं, चौकटी. लेबलला याहून चांगलं काय मिळणार! एकाच रंगात छापता येतं, लांबून ओळखू येतं, कागद किंचित ओला झाला तरी रेषा वाचता येते, आणि आपल्या मातीतलं आहे. फक्त त्यातल्या देवादिकांच्या आकृती घेऊ नका. देऊळ ते देऊळ, बीअरच्या बाटलीवर देव नको, मोकळ्या बाटल्या शेवटी जमिनीवर लोळतात. नक्षीच्या पट्ट्या आणि फुलं घ्या, शक्यतो स्वतः वहीत काढून मोबाईलने फोटो काढून घ्या. रंगीत प्रिंट परवडत नसेल तर खाकी कागदावर काळं लेझर काढा, तेही देखणं दिसतं.

आपले गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं उचलून लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो, मलाही ती जीव की प्राण आहेत. पण ते २०११ मध्ये गेले, आणि आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे २०७१ संपेपर्यंत त्यांची चित्रं मोकळी होत नाहीत.

फॉन्टकडे मराठी माणसाने खास लक्ष द्यायला हवं. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आपला पाकळीचा ल आणि देठाचा श येत नाही. लेबलवर मोठ्या अक्षरात "लागर" लिहिलं की ते लगेच खुपतं. तिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये आपली वळणं मुळातच आहेत. मोठ्या नावासाठी यात्रा वन बघा, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, बारीक मजकुराला मुक्त चांगला वाचता येतो. तिन्ही फुकट मिळतात. नाव काहीही ठेवा पण छोटं ठेवा, मी "भिरंड" एवढंच ठेवलंय. बारीक अक्षरं ७ पॉइंटच्या खाली नेऊ नका, देवनागरीच्या मात्रा-वेलांट्या त्याखाली गच्च भरतात.

आणि फाइल देताना कायम पीडीएफ द्या, तीही अक्षरांचं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे चित्रासारखे आकार करून, इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे फुकटात होतं. प्रिंटिंगवाल्याला नुसता मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तर तो त्याच्या श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बदलून घेतो आणि त्यात जोडाक्षरं फुटतात, "र्‍हस्व" "ऱ्या" असले शब्द तर हमखास. एक शीट आधी काढा, एक लेबल कापून बाटलीवर लावा, फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर काढून घाम येऊ द्या, अंगठ्याने घासा. टिकलं तरच बाकीची.

चिकटवायला दूध. हो, साधं दूध, त्यातलं केसीन नावाचं प्रथिन हाच डिंक. ताटलीत थोडं घ्या, ब्रशने लेबलच्या मागे पातळ हात फिरवा, कोरड्या आणि फ्रीजबाहेरच्या बाटलीवर लावा, मधून कडेकडे दाबत हवा काढा, आणि जास्तीचं ओल्या फडक्याने पुसा. पातळ लावलं तर सुकल्यावर वास राहत नाही, जाड लावलं तर पावसाळ्यात बुरशी धरते. कणकेची खळही चालते पण ती बुरशी आणखी लवकर धरते, आणि बुरशी येऊ नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे ती इथे अजिबात नको, ते विष आहे. लेबल बाटलीतला गॅस नीट तयार झाल्यावरच लावा, त्याआधी बूच गळलं तर सगळं चिकट होतं. तोवर बुचावर परमनंट मार्करने बॅच नंबर लिहून ठेवा.

हे सगळं घरच्यासाठी. गाळायला घेण्याआधीच आपल्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयात नियम विचारून घ्या. विकायची तर परवाना लागतोच, आणि लेबलवर आरोग्याचा इशारा वगैरे सरकारी मजकूर ठरलेल्या मापात घालावा लागतो, ते वेगळंच काम आहे. २१ वर्षांखालच्या कुणाला देऊ नका.

बाटल्या परत आल्या की टबात कोमट पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा, हातात मोजे घालून बाटल्या अर्धा तास बुडवा, दुधाने लावलेली लेबलं आपणच सुटून वर येतात. कंपनीच्या जुन्या लेबलचा चिकट गोंद राहिला असेल तर खोबरेल तेल आणि खायचा सोडा एकत्र करून चोळा, मग साबणाने तेल पूर्ण काढा, कारण तेलाचा अंश राहिला तर बीअरला फेस धरत नाही. आणि टब मोरीत ओतण्याआधी लेबलं गाळून घ्या, ती जाळीत अडकली की पाणी तुंबतं.