फोटोच्या लेन्स व्हिडिओ कॅमेऱ्यावर लावताय? या चुका टाळा

जुनी ३०० किंवा ४०० एमएमची फोटो लेन्स अडॅप्टर (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारं कडं) लावून प्राणी-पक्षी टिपायला व्हिडिओ कॅमेऱ्यावर मस्त चालते. पण लोक लेन्सवर भरपूर पैसे घालतात, अडॅप्टर मात्र मिळेल तो स्वस्तातला उचलतात आणि फुटेज बिघडलं की दोष लेन्सला.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ट्रायपॉडची प्लेट कॅमेऱ्याखाली लावणं. अडीच-तीन किलोची लेन्स पुढे लोंबकळते आणि सगळा भार अडॅप्टरच्या कड्यावर. एकदा माझ्यासोबत लपणात (प्राण्यांना दिसू नये म्हणून बसायची आडोशाची जागा) एकजण होता, समोर घरट्यात गरुडाची मादी पिल्लाला भरवतेय, उजेड सुंदर, आणि याचा प्रत्येक पॅन थांबला की फ्रेम जराशी खाली बसून परत वर यायची. तो म्हणे ट्रायपॉडचं हेड खराब आहे. संध्याकाळी मी लेन्स घट्ट धरून त्याचा कॅमेरा हलवून दाखवला, अडॅप्टर चक्क खुळखुळत होता. भरवण्याचे सगळे शॉट गेले. लेन्सला कॉलर (ट्रायपॉडला जोडायचं कडं) दिलीय ना, तिचा पाय प्लेटवर बसवा आणि पुढेमागे सरकवून तोल साधा. कॅमेऱ्याखाली आधार द्यायचाच तर नुसता टेकेल इतपत, कसून आवळलात तर माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे बसते तिथे, उलटा ताण येतो. मी दर वेळी फोकस मॅग्निफाय करून (स्क्रीनवरचं चित्र मोठं करून) कॅमेऱ्याच्या पाठीवर बोटाने हलकं दाबतो, चित्र सरकून जागेवर परत आलं नाही तर तो अडॅप्टर बाद.

दुसरं, इन्फिनिटी, म्हणजे अगदी लांबच्या वस्तूवरचा फोकस. निकॉन एफ माउंटचं सेन्सरपासूनचं अंतर ४६.५ मिमी, सोनी ई चं १८, मधला फरक अडॅप्टरने अचूक भरायचा असतो. तो ०.१ मिमी जाड निघाला तरी ३०० एमएमला फारसं कळत नाही, इन्फिनिटीच्या खुणेवरही फोकस ९०० मीटरच्या आसपास बसतो, पण तोच २४ एमएमला लावला की फोकस साधारण ६ मीटरच्या पुढे जातच नाही. म्हणून घरातल्या भिंतीवर टेस्ट करून खूश होऊ नका, वाइड लेन्स लावून लांबचा डोंगर बघा.

कॅननच्या ईएफ लेन्सला अपर्चर (उजेड आत येतो ते भोक) कमी-जास्त करायची रिंग नसते, बिनकॉन्टॅक्टच्या (इलेक्ट्रिक जोडणी नसलेल्या) अडॅप्टरवर ती उघडीच राहते आणि हादरे कमी करणारा स्टॅबिलायझरही बंद. आधी बघा, मग घ्या.

फोटो झूममध्ये झूम बदलला की बहुतेक वेळा फोकस सुटतो, त्यामुळे झूम इन करून फोकस आणि मग वाइड, ही कॅमकॉर्डरची सवय इथे सोडा.

२५ फ्रेमला शटर १/५० ठेवायचं म्हणून उन्हात अपर्चर एफ/२२ पर्यंत बंद करू नका, चित्र मऊ पडतं. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर घ्या.

आणि नवीन लोकांना प्राणी मोठा दिसायची फार घाई, लगेच २एक्स कन्व्हर्टर (लेन्सची ताकद दुप्पट करणारा जोड) लावतात. दोन स्टॉप उजेड जातो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो, हादरे दुप्पट दिसतात, आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते ती तर कुठल्याच लेन्सने जात नाही. सकाळी लवकर जाऊन बसा, प्राण्याला जवळ येऊ द्या.