पावसाळ्यात दार घासतंय? रंधा मारायच्या आधी हे करा

जुलै लागला की नाशिकच्या आमच्या गल्लीत एक आवाज ठरलेला असतो. कुणीतरी दार खांद्याने रेटतं, ते धाडकन उघडतं आणि चौकटीवरची धूळ खाली पडते. दोन दिवसांनी सुतार येतो, कडेला सपासप रंधा मारतो, दार मऊ लोण्यासारखं बंद होतं. घरातले खूश. मग डिसेंबर उजाडतो, निफाडकडची थंडी शहरात उतरते आणि त्याच दाराच्या फटीतून गार वारा थेट पायांवर येतो. कडीचं तोंड कोयंड्यापर्यंत पोहोचत नाही. सुतार पुन्हा येतो, या वेळी कडेला पट्टी ठोकायला.

बावीस वर्षं मी घरची दारं स्वतः नीट करते. आमची, बहिणीची, खालच्या मजल्यावरच्या काकूंची. आता कुणी "रंधून घे, सुटेल" म्हणालं की मला राग येतो. घासणाऱ्या दारावर रंधा हा शेवटचा उपाय आहे आणि बहुतेक दारांना त्याची गरजच पडत नाही.

हा त्रास नाशिकमध्ये जास्त का, ते आधी समजून घ्या. ऑक्टोबर ते मे इथली हवा कोरडी असते, मग चार महिने ओल. इगतपुरीसारखा तीन हजार मिलिमीटर पाऊस आपल्याकडे पडत नाही, शहरात साधारण सातशेच्या आसपास पडतो. पण लाकडाला पावसाचे मिलिमीटर कळत नाहीत, त्याला हवेतला दमटपणा कळतो. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून दार उंचीला वाढत नाही, कडीच्या बाजूला घासतं. सागवान कमी हलतं, साधं लाकूड जास्त. पॅनेलच्या दारात मधली फळी खाचेत मोकळी ठेवलेली असते, ती फुगली तरी आतल्या आत सरकते. रंगारी त्या खाचेत लांबी (पुट्टी) भरतात किंवा कुणी खिळा मारतो, मग फळीला सरकायला जागा उरत नाही आणि ती एक तर चिरते किंवा कडेच्या पट्ट्यांना बाहेर ढकलते. असा खिळा दिसला तर आधी काढा.

(जुन्या वाड्यांची बिजागरीऐवजी खालच्या-वरच्या खुंटीवर फिरणारी जाड दारं असतील, तर इथून पुढचं त्यांना लागू नाही. त्याला जुना जाणता सुतारच हवा.)

सुरुवात फट बघण्यापासून. दार हलकेच लावा आणि चारी बाजूंची फट नीट बघा. कडीची बाजू वरपासून खालपर्यंत सारखीच घट्ट असेल तर दार फुगलंय. कडीकडचा वरचा भाग चौकटीला टेकतोय, खालचा कोपरा फरशीवर अर्धगोल ओरखडा काढतोय आणि बिजागरीच्या बाजूला वर मोठी फट दिसतेय, तर दार फुगलेलं नाही, लोंबलंय. माझ्या अनुभवात पावसाळ्यात "फुगलं" म्हणून दाखवलेल्या दारांपैकी निम्मी तरी लोंबलेली निघतात. फुगण्याने फक्त आधीचं दुखणं उघडं पडतं.

लोंबलेल्या दाराचा उपाय स्क्रू ड्रायव्हरचा आहे. सगळ्यात जास्त ताण वरच्या बिजागरीवर येतो, तिचे स्क्रू आवळा. स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर भोक मोठं झालंय. तो काढा, अगरबत्ती जळून उरलेल्या बांबूच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घट्ट ठासा, रात्रभर वाळू द्या, बाहेर आलेली टोकं कापा आणि स्क्रू परत बसवा. लोक आगपेटीच्या काड्या सांगतात. त्या मऊ असतात, वर्षभरात पुन्हा ढिल्या होतात. बांबू टिकतो. चौकट जाड लाकडाची असेल तर एक इंचाच्या जागी दोन इंचाचा स्क्रू लावा. तरीही खालचा कोपरा फरशीला लागत असेल तर खालच्या बिजागरीच्या मागे जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची पट्टी घाला. दाराचा तळ किंचित कडीकडे सरकतो आणि तो कोपरा उचलला जातो.

आता खरोखर फुगलेल्या दाराबद्दल. इथे मी स्वतः फसले आहे, म्हणून सविस्तर सांगते.

२०१५च्या सिंहस्थात आमच्याकडे जळगावहून अकरा माणसं आली होती. पहाटे तीनपासून आंघोळी सुरू, बाथरूम दिवसभर वाळायचं नाव घेईना. पर्वणीच्या दिवशी पहाटे साडेचारला सगळे रामकुंडावर निघायच्या तयारीत, आणि आत्या आत अडकली. दार आत उघडणारं. ती ओढतेय, सुटत नाही. बाहेरून जोर लावावा तर दार तिच्यावरच जाणार, ओल्या फरशीवर सत्तरीची बाई. शेवटी मी फटीत उलथनं घालून वरचा कोपरा सोडवला. आत्या थरथरत बाहेर आली. त्याच दुपारी मी सुतार बोलावला आणि कडेवरून चांगलं पाच मिलिमीटर लाकूड काढून घेतलं. जानेवारीत त्या दाराच्या फटीतून आतला दिवा दिसायला लागला. पुढच्या वर्षी पट्टी लावली, ती आजही वेगळ्या रंगाची दिसते.

तेव्हापासून माझा नियम: श्रावण-भाद्रपदात रंध्याने लाकूड काढायचं नाही. भरपावसात दार सगळ्यात रुंद असतं. त्या मापाने तासलं की वाळल्यावर ते अरुंदच होणार, आणि काढलेलं लाकूड परत चिकटत नाही. पावसाळ्यात फक्त तीन गोष्टी करा. चौकटीच्या कडेला निळा खडू भरपूर घासा, दार लावून उघडा. दारावर जिथे निळं उमटलं तेवढीच जागा घासतेय. त्या जागेवर ८० नंबरचा काचपेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हाताने मारा, दार जेमतेम बंद होईल एवढंच. मग तिथे पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा घासा. साबण लावू नका, तो ओल धरतो. खोबरेल, रॉकेल, मशीनचं तेल यातलं काही लाकडाच्या कडेवर ओतू नका. ते आत मुरतं आणि नंतर त्यावर रंग धरत नाही. तेल फक्त बिजागरीच्या कांडीत. हेअर ड्रायरने दार शेकायचा सल्लाही ऐकू नका, एकच बाजू वाळते आणि दाराला पीळ बसतो.

बाथरूमच्या दाराची आतली कडी मात्र चार महिने लावायची नाही असं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बजावून सांगा. बाहेर एक रुमाल अडकवला की आत कुणीतरी आहे हे कळतं.

खरं काम डिसेंबरमध्ये. दिवाळी झाली की लोक विसरून जातात, कारण दार आपोआप सुटलेलं असतं. तुम्ही विसरू नका. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक धरून कडीकडच्या फटीत सरकवा. सहज सरकली तर दार वाळलंय आणि जागाही पुरेशी आहे. मग स्टुलावर चढून दाराच्या वरच्या कडेवर बोट फिरवा. धूळ आणि खरखरीत उघडं लाकूड लागेल. खालच्या कडेखाली मोबाईल सरकवून फोटो काढा, तिथेही तेच दिसेल. पुढून-मागून पॉलिश चकचकीत, आणि वर-खाली कोरं. रंगाऱ्याला ते दिसत नाही, मालकाला दिसत नाही, ओल मात्र बरोब्बर तिथूनच शिरते, कारण लाकडाच्या नळ्यांची तोंडं त्या टोकांना उघडी असतात.

दार उतरवा. एकट्याने अजिबात नको. खाली लाकडी पाचर सारून भार तिच्यावर घ्या, आधी खालच्या बिजागरीचे स्क्रू काढा, शेवटी वरच्या. पावसात लावलेलं मेण खरवडून काढा, सगळ्या कडा १२० नंबरच्या काचपेपरने घासा, धूळ पुसा. वरच्या आणि खालच्या कडेला वुड प्रायमरचा एक हात आणि वर ऑइल पेंटचे दोन हात, प्रत्येक हातानंतर एक रात्र. रंग दिसणार नाही म्हणून स्वस्तातला पातळ करून लावू नका, इथेच जाड हवा. उभ्या कडाही सोडू नका, कुलपाची खाच आणि बिजागरीची खाच आतून रंगवा. रंगाने ओल शिरायची थांबत नाही, पण इतकी मंदावते की चार महिन्यांत दार पूर्वीइतकं फुगत नाही.

बाथरूमच्या फ्लश डोअरला (दोन्ही बाजूंनी सपाट, प्लायच्या दाराला) खाली अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असेल तर तो काढून बघाच. त्याच्यामागे शिरलेलं पाणी वाळत नाही. आतला थर काळा पडलेला नसेल तर रंगवून पत्रा परत बसवा आणि त्याच्या वरच्या कडेला सिलिकॉनची रेघ ओढा. पापुद्रे सुटले असतील, बोटाने दाबल्यावर भुसा निघत असेल, तर त्या दारावर पैसे घालू नका, पीव्हीसीचं दार बसवा.

पुढचा पावसाळा असाच जाऊ द्या. दहापैकी आठ दारं इथेच सुटतात.

जे तरीही घासेल, त्याला रंधा. पण मोजायचं ऑगस्टमध्ये आणि काढायचं डिसेंबरमध्ये. ऑगस्टमध्ये खडूची खूण उमटली की तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून ठेवा. हिवाळ्यात तेवढ्याच टप्प्यात एक मिलिमीटर काढा, पुन्हा रंगवा, बस. एका वर्षात एक मिलिमीटरच्या वर नाही. कड सरळ काटकोनात तासू नका. दार लावताना चौकटीत जी बाजू आधी शिरते, त्या बाजूला किंचित जास्त उतार द्या. यामुळे दार टेकल्याशिवाय आत जातं आणि समोरून फट मोठी दिसत नाही. ही उताराची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि दोन दारं खराब केल्यावर कळली. वरची किंवा खालची कड तासायची वेळ आलीच तर रंधा कोपऱ्याकडून मध्याकडे चालवा, दोन्ही बाजूंनी. मध्यावरून बाहेर चालवलात तर कोपऱ्याची लांबच्या लांब ढलपी निघते. सनमायका असेल तर रंधा नकोच, कानस घ्या आणि सनमायकाकडून लाकडाकडे घासा.

फ्लश डोअरच्या कडेला लाकडाची पट्टी असते, ती किती जाड आहे ते वरच्या कडेवरून दिसतं. ती संपेपर्यंत तासलंत तर आतला भराव उघडा पडेल.

पुढच्या सिंहस्थाची मुख्य स्नानंही पावसाळ्यातच येतायत, ऑगस्ट-सप्टेंबर २०२७. ज्यांच्याकडे पाहुणे उतरणार आहेत त्यांनी त्याआधीच्या हिवाळ्यात निदान बाथरूमचं आणि मुख्य दार उतरवून कडा रंगवून घ्या. दार परत चढवताना आधी वरची बिजागरी, मग खालची. शेवटी वरच्या कडेवर, वाळलेल्या रंगावर, पेन्सिलने महिना आणि साल लिहा. तीन-चार वर्षांनी रंग पुन्हा द्यावा लागतो आणि मागचा कधी दिला ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. आमच्या बाथरूमच्या दारावर अशा तीन तारखा आहेत, शेवटची डिसेंबर २०२३ची.