सीडी रिप करताना कान तानपुऱ्याकडे

सीडी रिप करायची, म्हणजे तिच्यातली गाणी फाइल करून संगणकावर घ्यायची, तर ती ड्राइव्हमध्ये घाला, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम उघडा, सिक्युअर मोड (पुन्हा पुन्हा वाचून चुका पकडणारा) ठेवा. ओरखडे असतील तर वेळ लागेल, लागू दे. गाण्यांची नावं लगेच भरा. ‘ट्रॅक ०१’चा ढीग नंतर कोणी उपसत नाही.

खरी मेख बिटरेटची, म्हणजे आवाजाच्या दर सेकंदाला किती किलोबिट (केबीपीएस) खर्च करायचे त्याची. ‘१२८ पुरे, फरक कुणाला कळतोय?’ हा सल्ला मीही ऐकला. दीडेकशे सीड्या १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत भरल्या आणि सीड्या वाटून टाकल्या. मग एका रात्री हेडफोन लावून ख्याल ऐकायला बसलो. गळा ठीक होता, पण मागचा तानपुरा पाण्याखालून वाजत होता. जवारीचा, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारा, झंकार म्हणजे वरच्या स्वरांशांचा खेळ, आणि जागा अपुरी पडली की फाइल आकसवणारा एन्कोडर काटकसर करतो ती नेमकी तिथे. अभंगातल्या टाळांचंही तेच: ‘छन्न’चं ‘स्स्स’ होतं. गेलेलं परत येत नाही. ती फाइल ३२०ला बदललीत तर आकार अडीचपट होईल, तानपुरा पाण्यातच राहील. तरी लोक हे करतात!

म्हणून आधी फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये काढा. सीडीचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. फ्लॅक एकही बिट न गमावता त्याचा बहुधा निम्मा-पाऊण आकार करतं. जुन्या तबकड्यांवरून काढलेल्या मोनो सीड्यांचे दोन्ही चॅनेल तंतोतंत सारखे असतील, तर आणखी कमी. फ्लॅकची ० ते ८ पातळी आवाजाला हात लावत नाही, फक्त वेळ आणि आकार बदलते. ५ वर ठेवा आणि विसरा.

फोनसाठी त्याच फ्लॅकवरून लेम या एन्कोडरने व्ही२ या दर्जाची एमपीथ्री करा. सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास, म्हणजे तासाला साधारण ८५ एमबी. ३२०ला १४४ लागतात. व्ही२ गरज असेल तिथे बिट खर्च करतं, ३२० शांततेवरही उधळतं. कुठलं कुठलं आहे हे न बघता ऐकल्यावर मला दोन्हींत फरक सांगता आला नाही. तुम्हाला आला तर त्याहून वरच्या दर्जाचं व्ही० घ्या. पारख मात्र तानपुरा आणि टाळांवर करा, गळ्यावर नको.

आलाप एका ट्रॅकवर, बंदिश पुढच्या ट्रॅकवर असेल, तर एमपीथ्रीत मध्ये बारीक खंड पडतो. गॅपलेस वाजवणारा प्लेअर घ्या, नाहीतर अख्खी सीडी एकाच फाइलमध्ये काढा.

फ्लॅकची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर गेल्याशिवाय सीडी कुणाला देऊ नका.